मॅसॅच्युसेट्सचे चार शिलिंग: चांदीच्या प्रतिकृतींचा संच वजनकाट्यावर

चार नाणी, स्टर्लिंग (हजारात ९२५ शुद्ध) चांदी, अक्रोडाच्या लाकडाची डबी, सोबत आठ पानांची पुस्तिका, किंमत १८० डॉलर. बोस्टनमध्ये १६५२ साली उभ्या राहिलेल्या टांकसाळीतल्या शिलिंगांच्या या प्रतिकृती आहेत: न्यू इंग्लंडची आद्याक्षरं असलेला एन ई, आणि झाडांच्या नावांनी ओळखले जाणारे विलो, ओक आणि पाइन. बनवणारा कारखाना लहान आहे, काम हातानं करतो आणि त्याचा दर्जा चार नाण्यांत चार प्रकारचा आहे. एन ई शिलिंग इतका चांगला उतरलाय की त्याच्यासाठी संच घ्यावा. विलो आणि ओक बऱ्यापैकी. पाइन मात्र वितळवून पुन्हा घडवायला हवा, आणि तो का, हे जरा सविस्तरच सांगावं लागेल.

मी चांदीकाम करते. बोस्टनजवळ दागिने दुरुस्तीच्या दुकानात माझं बाक आहे. त्यामुळे जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन ही जोडी मला टांकसाळीचे अधिकारी वाटायच्या आधी कारागीर वाटते. हल १६२४ साली इंग्लंडच्या लेस्टरशरमध्ये जन्मला, अकराव्या वर्षी आईवडिलांसोबत बोस्टनला आला आणि सावत्रभावाच्या हाताखाली सोनारकाम शिकला. सँडरसन वयानं मोठा, लंडनमध्ये रीतसर उमेदवारी करून तयार झालेला. सरकारनं टांकसाळीसाठी हलला निवडलं आणि हलनं भागीदार म्हणून सँडरसनला घेतलं, असं हलनंच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. दोघांनी घडवलेली चांदीची भांडी बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये बघायला मिळतात. ती बघितली की कळतं, नाण्यांचा ओबडधोबडपणा हात कच्चा असल्यामुळे आलेला नाही. नाणी भराभर पाडायची होती, एवढंच.

टांकसाळ का लागली? मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्लंडची वसाहत, आणि वसाहतीत पैसाच नव्हता. इंग्लंडहून आलेलं नाणं मालाच्या किमतीपोटी परत इंग्लंडलाच जायचं. मग मका, बीव्हरची कातडी आणि मूळ रहिवाशांचे शिंपल्याचे मणी, म्हणजे वॅम्पम, यांवर व्यवहार चालायचे. वॅम्पम तर मॅसॅच्युसेट्समध्ये १६६१ पर्यंत कायदेशीर चलन होतं. वेस्ट इंडीजच्या व्यापारातून स्पॅनिश चांदीची नाणी येत होती, पण त्यांत हलक्या वजनाची, हिणकस आणि सरळसरळ खोटीही असायची. नाणं हातात पडलं की त्यात चांदी किती, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराला पडायचा. मे १६५२ मध्ये वसाहतीच्या जनरल कोर्टानं, म्हणजे तिथल्या विधिमंडळानं, टांकसाळीचा कायदा केला. हलच्याच जागेवर सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद आणि दहा फूट उंच असं एक घर बांधायचं ठरलं. माझ्या दुकानाची मागची खोली याहून मोठी आहे.

त्या कायद्यातलं एक कलम मला फार आवडतं. आपली चांदी, जुनी भांडी किंवा स्पॅनिश नाणी घेऊन येणाऱ्या माणसाला ती डोळ्यांसमोर वितळताना आणि शुद्ध होताना बघायचा हक्क होता. स्टर्लिंगच्या टंचाला आणलेली चांदी किती भरली, याची पावती टांकसाळीनं द्यायची. नाणी पाडून झाली की त्या पावतीच्या हिशेबानं परत. घडणावळ सुरुवातीला वीस शिलिंगांमागे एक, आणि वितळवण्यातली घट वेगळी. ज्यानं कधी स्वतःचा दागिना मोडीत घातलाय आणि सोनाराच्या मुशीकडे डोळे लावून बसलाय, त्याला या कलमाची किंमत वेगळी सांगायला नको. खोट्या नाण्यांनी विटलेल्या गावात टांकसाळीवर विश्वास बसायचा तर हे दार उघडं ठेवणं भागच होतं. पुस्तिकेत याचा एका ओळीनंही उल्लेख नाही.

आता एन ई शिलिंग. पातळ, जवळजवळ गोल चकती. एका बाजूला वरच्या कडेशी एका खोलगट ठशात न्यू इंग्लंडची दोन आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला तशाच ठशात रोमन बारा, म्हणजे बारा पेन्स, एक शिलिंग. बाकी दोन्ही बाजू कोऱ्या. मूळ नाण्यात हे दोन ठसे मुद्दाम एकमेकांच्या विरुद्ध टोकांना मारलेले असतात, कारण पाठीला पाठ लावून मारले तर दुसऱ्या घावानं पहिला ठसा चेपून सपाट होतो. प्रतिकृती बनवणाऱ्यानं हे ओळखून नेमकं तसंच केलंय. ठशावर हातोडा एकदाच पडलाय. अक्षरांची डावी बाजू थोडी खोल आणि उजवी उथळ आहे, म्हणजे ठसा उमटवणारी छिन्नी, पंच, किंचित कलली होती. पंचाच्या घावानं पत्रा पाठीमागून जरासा फुगलाय, ते बोटाच्या पेरानं फिरवलं की जाणवतं. कडा कातरीनं कापून कानशीनं गोल केलेली, आणि कानशीच्या रेघा राहू दिल्यात. मशीननं पॉलिश करून त्या रेघा घालवायचा मोह आवरल्याबद्दल त्या कारागिराचे मी मनापासून आभार मानते. मी दोन वेगवेगळे संच बघितले, दोन्हींतले एन ई एकसारखे नाहीत, आणि तसंच असायला हवं.

अस्सल एन ई नाणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये याच मालिकेतलं तीन पेन्सचं एक छोटं नाणं अमेरिकेत लिलावात २५ लाख २० हजार डॉलरला गेलं. ते नेदरलँड्समध्ये एका जुन्या कपाटातून निघालं होतं. तसं दुसरं नाणं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. तेव्हा हे नाणं हातात घेऊन फिरवायचं, कडेवर नख ओढून बघायचं, तर चांगली प्रतिकृती हाच मार्ग. काचेमागचं नाणं कधी उलटं करून बघता येत नाही.

एन ई नाणी जेमतेम काही महिने पाडली गेली. हातात धरून बघितलं की कारण लगेच कळतं. चारी बाजूंनी कोरी जागा. कातर घेऊन कडेच्या दोन-तीन बारीक पट्ट्या काढल्या तरी ठसा शाबूत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. १९ ऑक्टोबर १६५२ ला जनरल कोर्टानं नवा हुकूम काढला: दोन्ही बाजूंना दुहेरी कडं, एका बाजूला मॅसॅच्युसेट्सचं नाव आणि मधे झाड, दुसऱ्या बाजूला न्यू इंग्लंड आणि साल. कडेपर्यंत अक्षरं आली की कातरणाऱ्याचा हात उघडा पडतो. हुकमात नुसतं झाड म्हटलंय, कुठलं ते नाही. विलो, ओक, पाइन ही नावं पुढच्या काळातल्या संग्राहकांनी आकार बघून दिली.

संचातला विलो दिसायला सुरेख आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. मूळ विलो शिलिंग सगळ्या मालिकेत सर्वांत गोंधळलेले: ठसा हललेला, एकावर एक दोनदा पडलेला, झाडाच्या जागी वेटोळ्यांचा गुंता, कडेची निम्मी अक्षरं गायब. हल आणि सँडरसन तेव्हा नव्या पद्धतीशी झटत होते, त्याची ती खूण. इथे प्रत्येक फांदी नीट मोजता येते. इतकं स्वच्छ विलो मी कुठल्याही छायाचित्रात पाहिलेलं नाही. ओक त्यापेक्षा बरं: झाड भरदार, अक्षरांची उंची थोडी कमीजास्त, कडेची ठिपक्यांची वर्तुळं एका बाजूला किंचित चेपलेली. ओकबद्दल माझं याहून जास्त काही म्हणणं नाही.

वजनाचं बोलू. कायद्यानं बोस्टनचा शिलिंग ७२ ग्रेनचा ठरवला, म्हणजे ४.६७ ग्रॅम. लंडनचा शिलिंग जवळजवळ ९३ ग्रेनचा, म्हणजे ६ ग्रॅमच्या किंचित वर. टंच दोन्हींचा एकच, हजारात ९२५. दुसऱ्या शब्दांत, एका ट्रॉय पौंड (चांदी-सोनं तोलायचं इंग्रजी माप) चांदीचे लंडनमध्ये ६२ शिलिंग होत, बोस्टनमध्ये ८०. यात फसवाफसवी काही नव्हती. वजन कायद्यात लिहिलेलं होतं आणि चांदी पूर्ण कसाची होती. मुद्दाम हलकं केलेलं नाणं इंग्लंडला नेणाऱ्याला तिथे वजनावर कमी भाव मिळेल, म्हणून ते घरीच राहील, हा हिशेब होता. उलट चांदी घेऊन येणाऱ्याला हातात जास्त शिलिंग पडत, म्हणून चांदी टांकसाळीकडे वळे. तरीही नाणी बाहेर जातच राहिली. १६५४ मध्ये माणशी वीस शिलिंगांपेक्षा जास्त नाणी वसाहतीबाहेर न्यायला बंदी करावी लागली. पण विचार समजून घ्यायचा असेल तर हा ७२ आकडा समजून घ्यावा लागतो. या टांकसाळीनं केलेली सर्वांत धाडसी गोष्ट माझ्या मते झाडाचा ठसा ही नव्हती, ती हे वजन होती.

म्हणून चारही नाणी मी दुकानातल्या काट्यावर ठेवली. एन ई ४.६४ ग्रॅम. विलो ४.७०. ओक ४.६६. तिन्ही उत्तम, एवढी तफावत अस्सल नाण्यांतही असते. आणि पाइन ५.९२.

पाइन शिलिंग ५.९२ ग्रॅमचा म्हणजे जवळपास लंडनचा शिलिंग झाला की! हलनं ज्या वजनापासून जाणूनबुजून फारकत घेतली, नेमक्या त्याच वजनावर प्रतिकृती जाऊन बसलीय. मी विक्रेत्याला लिहून विचारलं. उत्तर सभ्य आणि ताबडतोब आलं: पाइन हे सर्वांत प्रसिद्ध नाणं, ग्राहकाला ते हातात घेतल्यावर भरीव वाटावं म्हणून पत्रा जाड घेतला. त्यांचा हेतू मला कळतो, पण हे पटत नाही. सुरुवातीचे पाइन शिलिंग, साधारण १६६७ ते १६७४ मधले, रुंद आणि पातळ आहेत, सहज वाकतील असे. त्यांची सगळी ओळख त्या पातळपणात आहे. भरीवच हवा होता तर नंतरचा, १६७५ ते १६८२ मधला छोटा पाइन घ्यायचा होता. तो व्यासानं लहान आणि जाड आहे, वजन मात्र तेच ७२ ग्रेनच्या आसपास. तज्ज्ञांच्या मते रुंद नाणी दोन वक्र ठशांमध्ये पत्रा डोलवून पाडली असावीत, म्हणून त्यांना किंचित बाक असतो, आणि छोटी स्क्रू प्रेसवर. इथे रुंद नाण्याचा ठसा जाड पत्र्यावर मारलाय. झाड देखणं उतरलंय, सुया टोकदार, खोड सरळ. पण ते बाक नसलेलं, जड, सपाट नाणं कुठल्याच काळातलं नाही.

पुस्तिकेवर वेळ घालवायला हवा, कारण बहुतेक लोक नाण्यांपेक्षा तीच वाचतात. तिच्यात तीन कथा आहेत आणि तिन्ही पक्क्या घटना म्हणून छापल्यात. पहिली: तीस वर्षं सगळ्या नाण्यांवर १६५२ हेच साल ठेवलं ते राजाच्या डोळ्यांत धूळ फेकायला. नाणी पाडायचा हक्क राजाचा. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, १६५२ मध्ये इंग्लंडला राजा नव्हता, मग १६६० नंतर दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर ‘ही तर तेव्हाची जुनी नाणी’ असं म्हणता यावं. ऐकायला झकास. पण १६६२ मध्ये याच टांकसाळीनं दोन पेन्सचं नवं नाणं सुरू केलं आणि त्याच्यावर उघड १६६२ घातलं. लपवाछपवी करणारा माणूस असं करील का? नाणं ज्या हुकमानं सुरू झालं त्या हुकमाचं साल त्यावर राहिलं, हे स्पष्टीकरण मला जास्त सरळ वाटतं. दोन पेन्सचा तो छोटा ओक संचात घेतला असता तर वाचणाऱ्यानं स्वतःच हा प्रश्न विचारला असता.

दुसरी कथा दुसऱ्या चार्ल्सची. सर टॉमस टेंपल यांनी त्याला नाणं दाखवलं आणि हे झाड म्हणजे ज्या ओकच्या झाडात लपून महाराजांचे प्राण वाचले तेच, असं सांगितलं. राजा खूश झाला. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच सांगावी. खऱ्या नोंदीत याहून रंगतदार मजकूर आहे. १६७६ पासून एडवर्ड रँडॉल्फ हा राजाचा माणूस वसाहतीविरुद्ध अहवाल पाठवू लागला, त्यात टांकसाळीचा गुन्हाही होताच. १६७७ मध्ये जनरल कोर्टानं राजाला भेट पाठवायचं ठरवलं: दहा पिंपं क्रॅनबेरी, दोन मोठी पिंपं उत्तम मक्याचा भरडा आणि तीन हजार कॉड मासे. हे पुस्तिकेत का नाही, मला कळत नाही.

तिसरी कथा हलच्या मुलीची, हॅनाची. लग्नात बापानं तिला तराजूच्या एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात पाइन शिलिंग ओतत गेला, तेवढा हुंडा. तिचं लग्न १६७६ मध्ये सॅम्युएल स्यूअलशी झालं, जो पुढे सेलमच्या चेटकीण खटल्यांत न्यायाधीश होता आणि ज्यानं नंतर त्याबद्दल चर्चमध्ये जाहीर क्षमा मागितली. हुंडा ५०० पौंडांचा होता आणि तो हप्त्याहप्त्यानं दिला गेला. तरी मी हिशेब करून पाहिला. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणून ५०० पौंड म्हणजे १०,००० शिलिंग, ७२ ग्रेननं ४६ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. एखाद्या सडपातळ मुलीचं वजन! कथा कुणी रचली असेल त्याला हा आकडा सुचला असावा, असं मला राहून राहून वाटतं. आणि संचातल्या जड पाइननं तोलली तर हीच हॅना ५९ किलोंची होते.

आणखी एक बाब, जिच्याबद्दल खरेदीदार कुरकुरतात: प्रत्येक नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द ठसवलाय. तो असायलाच हवा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानं नाण्यांच्या प्रतिकृतींवर तो शब्द कायमचा आणि ठळक उमटवणं बंधनकारक आहे. या नाण्यांच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यांची नक्कल करून लोकांना फसवण्याला जुनी परंपरा आहे. १८५६ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉमस वायट नावाच्या माणसानं मॅसॅच्युसेट्सच्या चांदीच्या नाण्यांचा पूर्ण खोटा संच बनवून घेतला आणि बोस्टनशेजारच्या चेल्सीमध्ये खोदकामात सापडला अशी बतावणी करून विकला. शब्द नको म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फक्त जागा विचारपूर्वक निवडावी. एन ईवर तो कोऱ्या जागेत, लहान अक्षरांत आहे, खटकत नाही. ओकवर मात्र थेट सालाच्या खाली दाटीनं बसवलाय आणि रोमन बाराचा एक पाय त्यानं खाल्लाय.

डबी चांगली, खाचा नाण्यांच्या मापाच्या, आतलं कापड चांदी काळवंडू न देणाऱ्या प्रकारचं. पार्सल वेळेवर आलं. चांदीचा टंच मी कसोटीवर तपासला, स्टर्लिंग आहे. १८० डॉलरमध्ये चांदीचा भाग थोडा आणि घडणावळ मोठी, पण एन ईवरचं हातकाम बघता ती मला महाग वाटली नाही.

शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्या किंवा घरी मुलांना नाणी दाखवणाऱ्या कुणालाही मी हा संच सुचवीन, एका अटीवर: सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ठेवा आणि मुलांना नाणी स्वतः तोलू द्या. पाइनचा आकडा वेगळा येईल तेव्हा लंडनच्या शिलिंगाचं वजन सांगा, पुढचं ती आपसूक विचारतील. फक्त संग्रहासाठी घेत असाल तर विक्रेत्याला लिहून एन ई सुटा मागा. मागितला की तो ५५ डॉलरला मिळतो, यादीत तसं लिहिलेलं नाही. पाइन बदलून द्या म्हणाल तर सध्या त्यांच्याकडे पातळ पत्र्याचा नाही. छोट्या, १६७५ नंतरच्या पाइनचा ठसा तयार करण्याचा विचार चालू आहे, असं त्यांनी मला कळवलंय. तो ७२ ग्रेनला उतरला तर मी लगेच मागवणार आहे.